मर्डोने सांगितलेले तीन भाव

नुसता साफ करायचा तर चाळीस पौंड,
पण कीड खोल गेलीय, हमी नाही.
मेमरी आणि डिस्क बदलून नव्वद:
पोळ्याला म्हाताऱ्या बैलावर नवी झूल.
नवाच घेतला तर तीनशेच्या वर.
कर्कॉडीच्या बंदराजवळ त्याचं दुकान,
आत सोल्डरचा वास, दार उघडलं की समुद्राचा.

कीड आणली मीच.
‘तुमचं पार्सल अडकलंय’ असं कुणी कळवलं
आणि मी, चौतीस वर्षं इथल्या पोस्टात काढलेला माणूस,
बटण दाबून मोकळा झालो.

आत काय आहे, मर्डो विचारतो.
अकराशे शब्द आहेत बाबा, दर्यापूरकडचे.
पऱ्हाटी. भेदरं.
ज्या फॉन्टात टाइप केले
तो या डब्याबाहेर जगत नाही.
लेकीच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं एकदा:
भेदऱ्याच्या जागी डॉलर, टक्का, उलटं प्रश्नचिन्ह.

‘फाइली नव्यात टाकून देतो की,’ तो म्हणाला.
देशील रे. फाइली येतील.

डबा पोटाशी धरून बसमध्ये चढलो.
घरी आल्या आल्या इंटरनेटची तार उपटली.
आजारी आहे, पण आता कुणाला लागण नाही.
सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो,
तेवढ्यात चहा होतो, पेनात शाई भरून होते.
पडद्यावर बघत वहीत उतरवतो,
रोज वीसेक.
पंखा घरघरतोय.
आज ‘ग’ सुरू केला.
भेदरं अजून लांब आहे.