कळबूत

भद्रकालीत मुस्तनसिरभाईंच्या दुकानात
मी डबा उघडला, तेव्हा त्यांनी आधी हात पुसले.
मग हॅट उलटी केली.
वरून कुणीही बघतो, म्हणाले.

रंग भिजलेल्या सुपारीचा,
सशाच्या केसांचा नमदा, आत चामड्याची पट्टी,
फितीच्या गाठीत टाचणीएवढं पीस.
आणि मधोमध खड्डा :
पुतण्याच्या साखरपुड्यात, गंगापूर रोडला,
कुणीतरी तिच्यावर बसलं.
कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

स्टॉकपोर्टची आहे, मी सांगितलं,
लेकीकडे गेलो होतो तेव्हाची.
तीन शनिवार शोधली.
पहिल्या दुकानात हॅटी होत्या, हॅटवाला नव्हता.
दुसऱ्यात काहीतरी दाबून चिकटवलेलं,
फुंकर मारली तर बाक येईल असं.
बत्तीस वर्षं नोटांच्या कारखान्यात काढली मी, भाई,
कागद मला कुणी लोकर म्हणून विकू नये.

तिसऱ्या शनिवारी एका उतारावर
धोब्याच्या दुकानावरून लाकडी जिना,
जिन्यात ओल्या घोंगडीचा वास.
वर हॅलम नावाचे म्हातारे,
केटलीच्या वाफेवर हॅट धरून उभे,
बाळाला शेक द्यावा तसे.
माप विचारलंच नाही त्यांनी.
डोक्यावर एक यंत्र ठेवलं,
टाइपरायटर आणि मुकुट यांच्या मधलं काहीतरी.
झाकण दाबलं. टक्.
तळहाताएवढा कागद, कडेनं टोचलेला.
हे तुमचं डोकं, म्हणाले.

सवयीनं मी तो उजेडाकडे धरला.
गोल नाही, लांबट नाही,
बांध सरकलेल्या वावरासारखा आकार.
डावीकडे मागे जरा सपाट आहे,
हॅलम हळूच म्हणाले, दुखणं सांगावं तसं.
प्रत्येकाचं काहीतरी असतं.

तो कागद मुस्तनसिरभाईंनी पाहिला
आणि कात्रीखाली ठेवून दिला.
त्यांच्या फळीवर सागाची कळबुतं, गेरूनं आकडे घातलेली,
काही आकड्यांची डोकी आता गावात उरली नाहीत.
मागच्या सालात काळ्या टोप्या अकरा गेल्या,
त्यातल्या नऊ नाटकवाल्यांनी नेल्या.
लोक म्हणतात टोपीवाला, टोपी घालणारा.
घातली, ते हसले, पण माप घेऊन घातली.

मग न विचारता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.
टक् नाही, काही नाही.
चार बोटं मागे, अंगठा कानावर,
खरबूज बघतात तसं थोडं दाबून.
बाहेर रिक्षा भांडत होत्या.

लहानपणी डावीकडे बघत निजायचात, म्हणाले.
काय होतं डावीकडे?

सिन्नरची एक खोली होती.
भिंत उजवीकडे. डावीकडे सूप,
सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा
आणि विड्या वळणारी आई.
हे मला आठवत नाही, आठवणार कसं,
सहा महिन्यांचं पोर होतो.
पण हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत दिवा तिच्या बाजूला असायचा,
हे तिनंच सांगितलेलं.

दिवा, मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जसं साडेबावीस म्हटलं असतं तरी हलवली असती.
एक कळबूत काढलं. जुन्या लुंगीची घडी केली,
उजव्या बाजूला धरली, चुकलं म्हणाले,
मग डावीकडून थोडं कानसलं.
चहाच्या किटलीवर नमदा नरम झाला.
खड्डा वर आला हळूहळू,
पूर्ण नाही.

पैसे घेतले साठ.
पावसाळ्यात डब्यात कापूर टाका, म्हणाले,
आणि मांडवात नेऊ नका.
अशोकस्तंभावर एका पोरानं विचारलं,
काका, शूटिंग कुठंय?
मी हॅट डाव्या बाजूला जरा ओढून घेतली.

कागद तिथेच राहिला, कात्रीखाली.
आणायला जायचं आहे.
अजून गेलो नाही.