साडेचार

लोवेल. कालव्यावर बर्फाची साय.
जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
नायलॉनचा धागा ओढतोय आम्ही,
त्याच्या पोटात चिमूटभर माती.

आधी ती डाव मोडून उधळलेल्या
पत्त्यांसारखी, कशीही.
दुप्पट ओढला : पापुद्रे कुशीवर वळले.
चौपट : सगळे एका दिशेला,
आणि धागा असा, की बोट कापेल.

‘बस कर,’ ओडेट पेलेटियर म्हणाली.
तिची पणजी याच खिडकीशी
तुटलेली सुतं सांधायची.
मी चाक अजून जरासं फिरवलं.

आवाज नाही झाला फारसा.

सूक्ष्मदर्शकाखाली तुटकं टोक :
एक न फुटलेलं ढेकूळ,
भोवती डोळ्याएवढी लांबट पोकळी.
तिथून नायलॉन केव्हाच सुटलं होतं,
आम्ही बळ मोजत होतो तेव्हाही.

वहीत लिहिलं : साडेचार.
ओडेट खांद्यावरून वाकून बघत होती.
‘मंगळवारी घाईत कालवलंस ना?’