वानगी

विश्रामबागेतली नवी पाटी तात्यांनी
चष्मा कपाळावर सारून वाचली: तपास.
'कसला तपास?'
तापास, तात्या. स्पेनचं खाणं.

बशा आल्या, तळहाताएवढ्या.
चार ऑलिव्ह. टोमॅटो चोळलेला पाव.
तात्यांनी चिमूटभर उचललं,
हुंगलं, बोटांत चुरलं,
यार्डात चाळीस वर्षं
हळकुंड मोडून बघायचे तसं.
'वानगी झाली,' म्हणाले. 'माल कधी?'

वाढणारा बुधगावच्या भोकऱ्यांचा अभिनंदन.
त्याला हसू आवरेना.
'हाच माल, काका.'

मग पिवळा भात.
केशर, मी म्हटलं.
तात्या रंगाकडे बघत राहिले.
'राजापुरी आहे,' म्हणाले,
'स्पेनला जाऊन आली असंल,'
आणि बशी पुसून खाल्ली.

बिल मी उलटं ठेवलं.
तर त्यांनी कडक नॅपकिन ओढला,
माझा हात खाली घेतला
आणि बोटं चाचपली: किती?

पोरींना यार्डात नेत नसत तेव्हा.
रुमालाखालचे सौदे मी फाटकातून बघितलेले,
तेवढ्यावरच त्यांची बोटं दाबली,
दोन कमी.

त्यांना कळलं. कळणारच.
हात सोडला नाही.
'स्वस्तात पडलं,' म्हणाले.