बस्तान

वूच शहरात, लाल विटांच्या जुन्या सूतगिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर आमची बटणं राहत होती
एकेचाळीस वर्षं.
मग गिरणीच्या मालकाला तिथे हॉटेल सुचलं.
खिडक्या म्हणे तशाच ठेवणार.
आम्ही खिडक्यांत मोडत नव्हतो.

नवी जागा बायपासला, पत्र्याची, करड्या रंगाची.
एका अंगाला टायरवाला,
दुसऱ्या अंगाला कुत्र्यांच्या खाऊचं गोदाम.
इरेनेउश साहेब म्हणाले, ट्रक थेट दारात लागतो,
आणि मान फिरवून नाक शिंकरलं.

दोन हजार आठशे सोळा खण.
प्रत्येक खणावर तारेने बांधलेलं एकेक बटण,
आत काय आहे ते सांगायला.
बोगुमिवाबाईंना तेही लागायचं नाही.
सैनिकी ओव्हरकोट: खिडकीपासून चार पावलं, गुडघ्याशी.
बाळंतविड्याचे शिंपले: खांबाच्या मागे, खांद्याला खांदा.
एक पोरगा तीन आठवडे खणाखणांवर
काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या डकवत फिरला.
बाईंनी त्याला रोज चहा दिला. बोलल्या काहीच नाहीत.

मालाच्या लिफ्टला डावीकडे खाली लाथ मारावी लागते,
हे हमालांना मीच शिकवलं.
मी हिशेबनीस. लाथेची नोंद
कुठल्याच खात्यात नव्हती.

दुपारी दोनला फोन.
तोमाशुफचा शिंपी. एक बटण हवं,
तपकिरी, शिंगाचं, चार भोकांचं, अठ्ठावीस नंबर.
माणूस गेलाय, गुरुवारी माती.
बटण शरदातच तुटलं होतं,
बायको म्हणाली होती, लावते उद्या.

माल तिसऱ्या ट्रकमध्ये, प्लास्टिकात गुंडाळलेला.
कॉम्प्युटर म्हणाला: वाटेत.
बोगुमिवाबाई ट्रकमध्ये चढल्या,
डोळे मिटले, चार पावलं मोजली,
गुडघ्याशी हात नेला,
आणि हातात आली
माझ्या टेबलाची खुर्ची.

कुणी हसलं नाही.
बाई तशाच वाकलेल्या,
जणू कुणी भर रस्त्यात त्यांना
त्यांच्याच घराचा पत्ता विचारला.

मग ओस्ताप, हमालांतला धाकटा,
तेर्नोपिलहून आलेला, पोलिश तोडकं बोलणारा,
म्हणाला, शिंगाचं कपाट ना? ते मी उचललंय.
त्याला वास येतो. जळक्या नखासारखा.
उजवीकडे, मागे, दोन गाठींचा दोर.
सुरीने प्लास्टिक फाडलं.
बाईंनी खण ओढला.
मग ओस्तापचा हात धरून
आपणहून त्या खणात बुडवला,
मनगटापर्यंत.

बिल मी हाताने केलं.
नग एक. साठ ग्रोशी.
वर पहिल्यांदाच नवा पत्ता लिहिला,
आणि पिन कोड चुकला.

संध्याकाळी किल्ली द्यायला परत गेले.
रिकाम्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं.
कुणी नव्हतं.
ओझं उतरलेल्या फळ्या
इंच इंच वर येत होत्या,
कुरकुरत, अंग मोडत,
एकेचाळीस वर्षं उकिडवं बसलेलं माणूस
उठू पाहतं तशा.
मी बूट काढून थोडा वेळ उभी राहिले.
का, ते विचारू नका.

नव्या गोदामात सिमेंट बोलत नाही.
दिवे मात्र हलणाऱ्या माणसाला ओळखतात,
थांबलेल्याला नाही.
बोगुमिवाबाई खणांपुढे विचार करत उभ्या राहतात,
पावलं नव्याने पाठ करतात,
आणि सगळी रांग फटकन विझते.

मी बिलातून मान वर करते.
अंधारातून खण उघडल्याचा आवाज,
मग बाईंची हाक:
तू जवळ आहेस गं, जरा हात हलव.