प्रश्न तिसरा, गुण आठ

'दोन खेळाडूंचा खेळ स्वतः रचा. समतोल काढा.'
बहुतेकांनी पुस्तकातलेच दोन कैदी आणले,
दोन दुकानं, दोन पेट्रोलपंप.
आसनक्रमांक एकशे बेचाळीसने आई आणली.

पट्टीने आखलेला चौकोन.
आडव्या ओळी आईच्या : जिना, गल्ली.
उभे रकाने गाडीचे : जिना, गल्ली.
खाली बारीक अक्षरात,
'जिना म्हणजे भांडुप पश्चिमेला स्कायवॉक उतरतो तो.
गल्ली म्हणजे शाळेमागची.
गाडी म्हणजे गाडी.'

जिन्याखाली गाडी आली नाही तर नऊशे सुटतात,
गल्लीत पाचशे.
गाडीने गाठलं तर दोन्हीकडे उणे तीनशे :
लिंबं, मिरची, आलं, कढीपत्ता,
आणि टोपली, जी परत मिळत नाही.
गाडीवाल्यांचा हिशोब निराळा.
जिन्याखालची जप्ती दोन गुणांची, तक्रारी तिथल्याच जास्त.
गल्लीतली एकाची.

उत्तर : गाडी पाचातले तीन दिवस जिन्याकडे.
आई तीनातला एक.

इथेच दरवर्षी मुलं घसरतात.
जिथे जास्त सुटतं तिथे जास्त जायचं, असं लिहून मोकळी होतात.
ही घसरली नव्हती.
तीनातला एक हा आईच्या नऊशेंतून निघत नाही,
पाचशेंतूनही नाही,
तो निघतो गाडीच्या दोनातून आणि एकातून.
आपण कुठे किती वेळा बसायचं
ते समोरच्याच्या वहीत लिहिलेलं असतं,
त्याचं आपल्या.

खेळाची किंमत : रोजचे एकशे ऐंशी रुपये.
खाली दोन रेघा.
दुसरीने कागद फाटलाय.

वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले,
समतोल म्हणजे सुख नव्हे,
एकट्याने हलून कुणाचंच भलं होत नाही, एवढंच.
लिहायचे आणि हात झटकायचे, खडूचे.

शेवटी एक टीप, जी कुणी मागितली नव्हती :
'आईला सापशिडीचा फासा दिला.
एक-दोन पडले तर जिना, नाहीतर गल्ली.
आई हसली. म्हणाली, फासा कशाला,
मी जुडीतली हाताला येईल ती काडी घेते,
पानं तीन-तीनने मोजते,
काही उरलं नाही तर जिना.
मनात ठरवून निघालं की ते तोंडावर येतं गं,
आणि तोंड सगळ्यांना वाचता येतं.
मलाच माहीत नसलं, तर वाचणार काय?'

साडेसात दिले.
अर्धा कापला, कारण गृहीतक लिहिलं नव्हतं
की आधी फोन करून खबर देणारं कुणी नाही.
खोडून आठ केले.
टिपणीसबाई तपासतील, म्हणतील, भावनेला गुण नसतात.
पुन्हा साडेसात.

निकालानंतर एका मंगळवारी
मुलुंडहून रिक्षा केली.
जिन्याखाली मोजे विकणारा एकजण,
त्याच्या शेजारी फरशीवर ओला गोल, टोपलीएवढा,
आजचा की कालचा, कळेना.
गल्लीत गेले. आत शाळा भरलेली,
बाहेर भिंतीला सायकल टेकलेली. बाकी कुणी नाही.
परत आले. नाव ठाऊक नव्हतं,
म्हणून विचारलं, कढीपत्त्याची पानं मोजतात त्या बाई?
तो म्हणाला, 'मिळतील की. पण कधी, कुठे, ते सांगता येत नाही.'

व्याख्या बरोबर होती. पूर्ण गुण.

चौकोनात गिऱ्हाईक नव्हतं.
मीही शिकवताना कधी धरलं नाही.
जी काडी तिला गाडीपासून लपवते
ती माझ्यापासूनही लपवते,
आणि एकशे ऐंशीत हे कुठे वजा झालंय
ते मला आधी दिसलं नव्हतं.

मंडईतून जुडी घेऊन घरी आले.
तेल तापेपर्यंत एका काडीची पानं मोजली.
सतरा. दोन उरली.
म्हणजे गल्ली.
पण ती तर माझी काडी होती.