पुन्हा ४.११

रात्री एक वाजून दहाला आम्ही ४.१२ सोडली,
आणि दोनच्या आत कळलं,
'उद्या दूध नको' असं ज्यांनी कळवलं होतं
त्या सगळ्यांचं ती 'हवं' वाचते आहे.

बाणेरच्या ऑफिसात दोघंच.
शाकीर मुजावर, वय चोवीस, तीन आठवडे याच कोडवर,
आणि मी, जिने 'पाठव रे, काही होत नाही' म्हटलं होतं.
दुरुस्त करतो, म्हणाला, वीस मिनिटं द्या.
वीस मिनिटं म्हणजे किती
हे अकरा वर्षांत मला कळलंय.
म्हटलं, मागे घे.

मागे यायला एक ओळ लागते.
एंटर दाबताना तो स्क्रीनकडे नाही,
बोटाकडे बघत होता.

हिरवा दिवा. ४.११ चालू.

पण मधल्या पन्नास मिनिटांत
एकोणीस जणांनी नव्या रकान्यांत काही लिहिलं होतं.
जुनीच्या लेखी ती पन्नास मिनिटं झालीच नाहीत.
कोंढवा: आई अ‍ॅडमिट आहे, आठवडाभर नको.
धनकवडी, एक शेहेचाळीस:
सून जुळ्यांना घेऊन आली, अर्धा लिटर वाढवा.
इतक्या रात्री दुधाचा विचार कोण करतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.
एकोणीस नावं मी पिझ्झाच्या खोक्यावर उतरवली,
ऑफिसात कागद असतो कुठे.

साडेतीनला सोपान वाडकरांना फोन.
मार्केट यार्डामागे टेम्पो भरत होते.
"थांबा, टोपण दातात आहे."
मग एकेक नाव, आणि मागे क्रेट आपटल्याचे आवाज.
"नव्या अ‍ॅपचं काय झालं?"
जुनंच आणलं परत.
"बरं केलं."
फोन स्पीकरवर होता.

फॉर्मवर एक रकाना असतो: मागे येण्याचे कारण.
शाकीरने तो बराच वेळ रिकामा ठेवला.
मग लिहिलं, लोक नको म्हणाले होते,
आपल्याला हवं ऐकू आलं.
मी त्यात 'तांत्रिक बिघाड' घालणार होते.
नाही घातलं.

जुनीबरोबर तिच्या खोडीही परत येतात.
तिला ळ दाखवता येत नाही, चौकोन येतो.
शाकीरने ते पहिल्याच दिवशी घालवलं होतं.
सहाला, खाली टपरीचं शटर वर जाताना,
पहिली तक्रार पिसोळीहून:
आमच्या गावाचा ळ पुन्हा गेला का हो?

तो हसला, रात्रभरात पहिल्यांदा.
म्हणाला, हा माझा नाही.