मालक किंवा भोगवटादार, यथास्थिति

जिन्याखालच्या वाळूच्या बादलीत
कुणीतरी कोरफड लावली होती.
मी जानेवारीत ती पाहिली, हसलो,
आणि लिहिलं: बादल्या चार, वाळूसह.
कोरफडीला रकाना नव्हता.

लातूर, औसा रोडच्या आत, औदुंबर आर्केड.
तळघरात मेस, वर झेरॉक्स, त्यावर दातांचा दवाखाना,
तिसऱ्यावर अभ्यासिका:
प्लायवूडच्या एकशेवीस खोप्या,
एकेका खोपीत एक दिवा, एक पोर, एक वेळापत्रक.
जिन्याला लोखंडी जाळी, बाहेरून कुलूप.
"मोबाइल जातात हो," हाळे सर म्हणाले,
"आणि पोरंही जातात, पिक्चरला."

मी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो.
हे मला शपथेवर सांगायचं आहे.
तिथं चहा आला.
तिसऱ्या मजल्याचे सिलिंडर मी चहा पिता पिता मोजले,
मागच्या वर्षीच्या कागदावरून. चिठ्ठ्या पोराकडून चिकटवून घेतल्या.
अडीच हजार, जीएसटी वेगळा.

कायद्याचं वाक्य टँकरच्या नळीसारखं असतं,
गल्लीभर ओढत न्यायचं
आणि शेवटच्या घराशी तोंड कोरडं.
मालक किंवा भोगवटादार, यथास्थिति.
त्या 'किंवा'वर अख्खी इमारत उभी होती.

मार्चची एकोणीस, रात्री पावणेदहा.
मीटरच्या खोलीतून धूर.
आग लहानच होती, बंबवाले नंतर म्हणाले,
दोन बादल्या वाळूची.
धूर मात्र जिन्यानं वर गेला.

किल्ली हाळे सरांच्या गाडीत,
गाडी बार्शी रोडला, कुणाच्या तरी लग्नात.
"इचारल्याबिगर उघडायचं न्हाई म्हणलेते,"
वॉचमन सोनकांबळे मला सांगत होता,
"म्या फोन लावायलो, लावायलो,
अन् वरून जाळी हालायली."
एकशेवीस नव्हती त्या रात्री. एकसष्ट होती.
त्यानं भिंतीवरचा लाल सिलिंडर उपटला,
पिन ओढली, दांडी दाबली.
काही नाही.
काटा तांबड्यात कधीचा झोपलेला,
आत पावडर बसून दगड झालेली.
मग तो नऊ किलोचा दगड
त्यानं कुलपावर घातला.
सातव्या घावाला कुलूप सुटलं.

पंचनाम्यात नोंद आहे:
लाल सिलिंडर एक, तळाशी चेपलेला.
त्यावर चिठ्ठी, "तपासले, सुस्थितीत". सही वाचता येते.
येणारच. शाळेत मला अक्षराचं बक्षीस होतं.

मालकीणबाई पुण्याला, मुलाकडे.
त्यांच्या वकिलानं करारनाम्याचं कलम अकरा दाखवलं.
हाळे सरांनी सोसायटीच्या पावत्या दाखवल्या.
सोसायटीचे बिडवे अण्णा म्हणाले,
आमची सोसायटी अजून नोंदलीच कुठं आहे?
सोनकांबळेच्या पगारातून
कुलपाचे चारशे साठ कापले.

सगळ्यात शेवटी बाहेर आली
ती किनवटची ऋतुजा आत्राम.
अजून खोकते. बोलताना मध्येच थांबते,
कुणी बाजूला सरकून वाट द्यावी तशी.
जबाब घेताना फौजदारांनी विचारलं,
"तुम्ही त्या जागेच्या कोण?"
ती म्हणाली, "ब्याऐंशी नंबर."
महिना अकराशे भरून
तीन फूट बाय दोन फूट जागा
तिनं भोगली होती.
तिचं नाव कुठल्याच करारात नाही.

तारीख जुलैची पडली आहे.
परवा मी तिकडं गेलो, कुणी बोलावलं नव्हतं.
बादली जागेवर आहे.
कोरफडीला बाजूनं तीन पिल्लं फुटलीत.
मी वाळूत बोटं घातली.
मुळांनी गच्च आवळलेली,
मूठभरही सुटी होईना.

दवाखान्यातल्या पोरानं ओळखलं,
"या की, चहा सांगतो."
मी थांबलो नाही.
तिसरा मजला अठ्ठेचाळीस पायऱ्यांवर आहे.